जिवाणीची वाट

मानोरा, माघ वद्य ३, सन १९३७

॥ श्री वीतरागाय नमः ॥

चि. सौ. प्रेमास सूरजबाईचा जय जिनेंद्र.

तुम्ही कारंज्याहून धाडलेली माणसं काल दिवस कलताना पोचली. लखमा बेलदार, त्याची बायको, दोन गाढवं, पहारी आणि टोपल्या. आज सकाळी मागच्या अंगणातलं डाळिंबाचं झाड तोडून झालं. सासूबाईंच्या माघारी त्यांच्या नावानं विहीर होणार म्हणून हे खुशीत आहेत. दुकानात येईल त्याला सांगतात, धाकटा भाऊ वेगळा राहिला तरी आईला विसरला नाही. मला म्हणाले, "पाह्य, तुह्या जावेनं तुही किती काळजी केली. आता नदीवर जायची कटकटच मिटली."

प्रेमा, ती कटकट होती का? दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण तुला ठाऊक आहे.

सासूबाईंना गावविहिरीचं पाणी चालत नसे. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी नदीचंच, आणि तेही सुनांनीच आणलेलं. सकाळची खेप ही खेपच होती. डोक्यावर हंडे, मान ताठ, घरी चूल खोळंबलेली. त्या खेपेचं मला काही सुख नाही आणि ती बंद झाली तर मी रडणार नाही. मी लिहिते आहे ती उतरत्या उन्हातल्या फेरीविषयी. दिवसभर पाणी गाळून झालं की गाळण्यावर जे बारीक जीव राहतात, ते लोटीत सोडायचे आणि ज्या पाण्यातले त्याच पाण्यात नेऊन सोडायचे. सून म्हणून आलीस त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तुला ती जिवाणीची लोटी हातात दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "सांडू नको वो, लाखो जीव हायेत त्याच्यात." तू इतकी घाबरलीस की नदीपर्यंत श्वास रोखून चाललीस.

पुढे मात्र चांगली सरावलीस. हातात तेवढी लोटी, डोक्यावर काही नाही. बाईमाणसाला डोक्यावर काही नसताना चालायला कधी मिळतं? रऊफ रंगाऱ्यानं वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यांखालून वाकून निघायचं, दौलतराव पाटलांच्या ज्वारीचा बांध उतरायचा, की नदी. जिवाणी सोडायला पहिली उतरणच पुरे होती. तिथे आपण कधी सोडली? तू म्हणायचीस, इथे गुरं उतरतात, बिचाऱ्या जीवांना त्रास होईल, जरा वर जाऊ. वर गेलं की म्हणायचीस, इथे धार फार आहे, अजून वर. असं करत करत करंजाच्या झाडांखालच्या त्या काळ्या दगडापर्यंत जायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि खंड्या किती वेळा बुडी मारतो ते पाहत बसायचं. सगळं त्या जीवांच्या दयेपोटी. गाळायला काही उरलं नसलं तर तू गाळलेलं पाणी पुन्हा गाळायचीस. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची धाकटी लय धर्माची हाय." मी पदर तोंडात कोंबून चुलीकडे वळायचे.

गवतातही जीव, हिरव्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून रोज एकाच वाटेनं चालायचो. तू नदीच्या अंगाला, मी शेताच्या. तुझी एक चाकोरी, माझी एक. गाडीवाटेसारखी जोडवाट पडली होती आपल्या पायांनी. तुम्ही वेगळे होऊन कारंज्याला गेलात तेव्हापासून मी माझ्या चाकोरीतून एकटी जाते. दिवसाचा बाकी सगळा वेळ या घराचा आहे. तेवढा एक माझा आहे, आणि तो मला हवा आहे.

ज्ञानचंद भाऊजी तुझं ऐकतात. त्यांना सांग, विहीर नको. सासूबाईंच्या नावानं देवळात पूजेची भांडी द्या, हवं तर दगडी ओटा बांधा. जमीन खोदण्यात किती जीव मरतात हे सासूबाईंनीच आपल्याला शिकवलं आणि त्यांच्याच नावानं पहार चालवायची का, असंही सांग. भाऊजींना पटेल. लखमानं अजून गुडघाभरच खणलं आहे, ते बुजवता येईल.

उत्तर लवकर धाड.

तुझी
सूरजबाई


मानोरा, फाल्गुन शुद्ध १२, सन १९३७

चि. सौ. प्रेमास जय जिनेंद्र.

उत्तर आलं नाही. पाणी मात्र आलं.

परवा लखमा खालून ओरडला, "लागलं वो मालक." हे दुकान तसंच टाकून धावले. वाकून पाहताना यांची टोपी विहिरीत पडली आणि लखमानं ती चिखलासकट वर धाडली, तरी हसत होते. गोड पाणी आहे. खारं निघालं असतं तर मी मंदिरात जाऊन साखर वाटली असती. काल काठावर पूजा झाली, गावातली मंडळी जेवली, आणि बायका मला म्हणून गेल्या की सूरजबाई नशिबाची, अशी जाऊ सगळ्यांना नाही मिळत. मी सगळ्यांना वाढलं आणि सगळ्यांना हो म्हटलं.

मंडळी गेल्यावर मी यांना म्हटलं, जिवाणी मी नदीवरच नेत जाईन. हे म्हणाले, "कायले? पानी विहिरीचं, तं जिवाणीही विहिरीतच सोडा लागन. ज्याची त्यात. तूच तं सांगत जाय."

बरोबर आहे. मला माझ्याच धर्मानं गाठलं. मी म्हटलं, मग नुसतीच जाईन, पाय मोकळे करायला. हे माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी अफू मागितली. मग म्हणाले, "आता निमित्तबी नाही, अन् तुले नदीच पायजे. लोक बोलून राह्यले म्हणून तं हे विहीर केली."

मी विचारलं, कोणते लोक?

तेव्हा कळलं. लोक म्हणजे तू. सूरज जाऊबाई रंगाऱ्याच्या कुलसुमजवळ दगडावर बसतात, तिन्हीसांजेपर्यंत हसतात, वाटेनं येणारेजाणारे पाहतात, घराण्याला बरं दिसत नाही, असं तू भाऊजींजवळ म्हणालीस. भाऊजी यांच्याजवळ म्हणाले. आणि माणसाला दुखवायचं नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून विहिरीची युक्ती काढली. तुझ्याच तोंडची ना ती? भाऊजींना इतकं गोड काही सुचत नाही.

प्रेमा, कुलसुम त्या दगडापाशी रंगवलेली लुगडी खळबळायला येते, हे तुला माझ्याआधी माहीत होतं. तिला पहिल्यांदा हाक मारलीस ती तू. तिनं ओच्यात आणलेली बोरं खाल्लीस ती तू, आपल्या घरात बोर चालत नाही हे माहीत असून, आणि बिया पाण्यात टाकल्यास. मी कोणाजवळ बोलले नाही. आजही बोलणार नाही. तुझ्यासारखं मला जमत नाही.

मला फसवलंस याचा राग आहे. पण त्याहून जास्त राग याचा आहे की हे करणारी तू होतीस. यांना नदी म्हणजे पाणी वाटतं, भाऊजींना तसंच वाटतं, त्यांचं मी काय मनावर घेऊ? ती फेरी म्हणजे काय, हे जगात दुसऱ्या एकाच माणसाला माहीत होतं.

सूरजबाई


मानोरा, वैशाख शुद्ध ९, सन १९३७

प्रेमास,

भाऊजींचं यांना पत्र आलं, त्यात शेवटी तुझी एक ओळ आहे: विहिरीचं पाणी कसं आहे, जाऊबाईंना आराम पडला का? म्हणून लिहिते.

खूप आराम पडला. बुडाला कडी असलेली नवी बादली यांनी वाशीमहून आणली. तिच्यात जिवाणी घालायची, दोर हळूहळू सोडायचा, पाण्याला टेकली की खालच्या कडीचा दोर ओढून उपडी करायची, म्हणजे जीवांना उंचावरून पडायचा धक्का बसत नाही. फार सोयीचं आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत जाऊन येईतो कढईतली फोडणीसुद्धा जळत नाही. जीव आपल्या पाण्यात जातात आणि मी आपल्या चुलीपाशी येते. त्यांना तरी बरं वाटत असेल.

संध्याकाळ झाली की माझे पाय मागच्या दाराशी जाऊन उभे राहतात. मला लाज वाटते, पण राहतात. हे दुकानातून येतात आणि विचारतात, "काय पाहून राह्यली?" मी म्हणते, काही नाही.

गेल्या आठवड्यात कुलसुम मागच्या दारी आली. हातापायांना निळा रंग, कडेवर धुण्याची पाटी. म्हणाली, "काहून वो सूरजबाई, नदीले रुसल्या का? तुमचा तो काया दगड रिकामाच पडून राह्यते." मी सांगितलं, घरात विहीर झाली. ती वाकून विहिरीत पाहून आली आणि म्हणाली, "पानी तं चांगलं हाय. पन बसाले जागा कुठं हाय याच्यात?"

मी हसले. फाल्गुनापासून पहिल्यांदाच हसले असेन.

तिनं नदीची हकीकत सांगितली. धार तुटली आहे. करंजाखालच्या डोहात तेवढं पाणी आहे, बाकी वाळू. तांड्यावरच्या बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. करंज नव्या पानांनी भरला आहे आणि त्याची फुलं वाळूवर पडून ती पांढरी दिसते. मी तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. टिटवीनं अंडी कुठे घातली, दगडाशेजारची शिंदी अजून आहे का. ती सांगत राहिली. मी आजारी माणसाची खबर घ्यावी तशी नदीची खबर घेत होते. मग हे आले आणि ती पाटी उचलून निघून गेली. यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तुझी ओळ वाचली. हे त्याचं उत्तर.

सूरजबाई


मानोरा, आषाढ शुद्ध ७, सन १९३७

प्रेमास,

ही बातमी यांच्याकडून तुम्हांला कळेलच, पण ते ती रागानं लिहितील, म्हणून आधी मी लिहिते.

चातुर्मासाला पुढे जाताना एका आर्यिका माताजींचा मुक्काम आपल्या देवळात झाला. त्यांच्या आहारासाठी विहिरीचं पाणी लागलं आणि ते आपल्याच विहिरीचं गेलं, तेव्हा तुमचं पुण्य जमा झालं म्हणायला हरकत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी प्रवचन झाल्यावर माताजींनी विचारलं, कोणाला काही नियम घ्यायचा आहे का? एकीनं गूळ सोडला. एकानं विडा सोडला. मी उठून पुढे गेले, हात जोडले आणि म्हटलं, मला या गावच्या नदीच्या पाण्याचा नियम द्या. मी स्वतः भरून आणलेल्या नदीच्या पाण्याखेरीज दुसरं पाणी पिणार नाही.

देवळात सगळे म्हणाले, वाहवा. घरात विहीर असून बाई कष्टाचा नियम घेते. यांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. गिऱ्हाईकानं हाताखालून माल उचलला आणि चार लोकांसमोर काही बोलता येत नाही, तसा. नियम घेणाऱ्याला घरच्यांनी आडकाठी केली तर पाप त्यांना लागतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. माताजींनी आधीच सांगितलं होतं.

माताजी मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती दिवसांचा?"

मी म्हटलं, जन्माचा.

"वर्षाचा घे, बाई. झेपला तर पुढे वाढव."

मी नको म्हटलं. वर्षभर यांना थांबता येतं. भाव उतरायची वाट पाहण्यातच यांची हयात गेली आहे.

माताजींनी विचारलं, "परगावी गेलीस तर काय पिशील? गाळलेलं पाणी दोन घडी टिकतं, उकळलेलं फार तर एक दिवस."

"परगावी जाणार नाही."

"माहेर नाही का?"

प्रेमा, तिथे मी थांबले. आई आहे केनवडला. डोळ्यांनी अधू झाली आहे, हातानं चाचपून ओळखते. मी यांच्याकडे पाहिलं. यांना वाटलं, आता ही वर्षावर येईल, आणि ते मान डोलवू लागले, समजुतीनं, फोडणी देणाऱ्या बाईला कोणी मीठ कमी घाल म्हणावं तसं. ती मान डोलवलेली मी पाहिली आणि म्हटलं, जाणार नाही. माताजींनी डोळे मिटले आणि नियम दिला.

त्याच दिवशी उतरत्या उन्हात लोटी आणि गाळणं घेऊन निघाले. मागच्या दाराची कडी पावसानं गंजली होती, ती दगडानं ठोकून काढली. रऊफनं लुगड्याचा दोर वर उचलून धरला आणि म्हणाला, "आल्या का बाई?" नदीला लाल पाणी आलं होतं. आपला दगड निम्मा बुडाला होता. वाट गवतात शोधत जावं लागलं, माझी चाकोरी पुसट का होईना सापडली. पाणी तिथेच गाळून लोटीत भरलं, जिवाणी सोडली आणि उभी राहिले. फार बरं वाटलं. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे, फार बरं वाटलं.

सूरजबाई


मानोरा, भाद्रपद वद्य ४, सन १९३७

प्रेमास,

क्षमावणीचं तुझं पत्र मिळालं. दरवर्षी पर्युषण सरलं की तुझं कार्ड येतं, कळत नकळत काही दोष घडला असेल तर क्षमा असावी. मीही तेच लिहून धाडते. या वर्षी तू पाकिटात चार पानं घातलीस. ती मी घरात वाचली नाहीत. दगडावर बसून वाचली.

तू लिहितेस की कारंज्याच्या घरात स्वयंपाकघराला लागून चौकातच आड आहे. चारी बाजूंनी भिंत, वर चौकोनी आभाळ. तिथे गेल्यापासून देवळाखेरीज उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं नाही. रोज ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की तुला दिसायचं, मी आता मागचं दार उघडलं, आता लुगड्यांखालून वाकले, आता बांध उतरले. ते तुला सोसवेना. म्हणून भाऊजींजवळ ते बोललीस. विहिरीचं तूच सुचवलंस. माझी फेरी बंद झाल्यावर तुला झोप लागेल असं वाटलं होतं, ती लागली नाही.

खरं लिहिलंस. इतकं खरं तू आजवर कधी लिहिलं नव्हतंस. पण वाचून मला दया आली नाही. मला वाटलं होतं, तुला आपल्या घराण्याची अब्रू आडवी आली असेल, भाऊजींची भीती असेल. ते मी एक दिवस विसरले असते. तू तर ती फेरी मला हवी आहे म्हणूनच काढून घेतलीस. मला एक ओळ लिहायची होतीस, जाऊबाई, मला इथे गुदमरतं. मी यांच्याशी भांडून तुला दर सणाला इथे आणवलं असतं. तेव्हा मी तुझ्यासाठी भांडले असते.

गेल्या पंधरवड्यात केनवडहून माझा भाऊ आला होता. आई अंथरुणाला खिळली आहे. म्हणाला, "तुह्या नावानं हाका मारून राह्यली. चाल." मी त्याला नियमाचं सांगितलं. निर्जळ उपास करून जावं, असंही मनात येऊन गेलं. पण नदीनाले भरलेले, वाटेतच चार दिवस जातात. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "असा कसा नियम घेतला वो बाई तू? आईचाबी विचार नाही केला?" मी काय सांगू त्याला? केला होता म्हणू? त्याला जेवू घातलं आणि आईसाठी एक लुगडं दिलं, रऊफनं रंगवलेलं, म्हणजे हातानं चाचपायला तरी होईल. गाडी बांधापलीकडे जाईपर्यंत मी पाहत होते. मग लोटी घेतली आणि नदीवर गेले. रोज जावंच लागतं आता. ताप असो, चिखल असो, मन असो नसो. पूर्वी मी जात असे. आता जाणं माझ्या गळ्यात आहे. हे दोन्ही वेगळं आहे, हे मला माताजींसमोर उभी असताना कळलं नाही.

तरी संध्याकाळी करंजाखाली वारा असतो. खंड्या आहे. कुलसुम कधी असते, कधी नसते.

तू क्षमा मागितलीस. रिवाजाप्रमाणे मी केली, आणि रिवाजाप्रमाणे माझ्याकडून काही दोष घडला असेल तर तुझीही मागते. मनातून झालेली नाही. झाली की कळवीन, उगाच आधी लिहून ठेवत नाही.

शेवटी लिहिलं आहेस की दिवाळीला इकडे यायचं तुम्ही ठरवता आहात, आणि एकदा मला नदीवर न्याल का. ये. मी नाही म्हणणार नाही, आणि यांनाही म्हणू देणार नाही. पण एक आधी सांगते. ती जोडवाट आता राहिलेली नाही. नदीच्या अंगाची तुझी चाकोरी सगळी गवतानं भरली, कुठे होती ते दाखवतासुद्धा येणार नाही. माझ्या पायाखालची तेवढी उघडी आहे. हिरव्यावर पाय द्यायचा नाही हे तुला मी सांगायला नको. आलीस तर माझ्या मागून चालावं लागेल, आणि चालताना मागे वळून बोलायची सवय मला राहिलेली नाही.

सूरजबाई